प्रवाळ पाहायचे, पण कुठे आणि केव्हा?

मराठी कुटुंब अंदमानला जाते ते प्रथम सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडण्यासाठी. सेल्युलर जेल हा त्या सहलीचा पहिला दिवस. उरलेले चार-पाच दिवस समुद्राचे. त्या दिवसांत कोणत्या पाण्यात उतरायचे हे मात्र आपण ठरवत नाही. सहलीचा छापील कार्यक्रम ठरवतो. ‘तिसरा दिवस : एलिफंट बीच, स्नॉर्कलिंग’ एवढी ओळ वाचून घरात आनंदीआनंद होतो. मेथीची जुडी घेताना दहा जुड्या उलटसुलट करून पाहणारे आपण, हजारो रुपये मोजून घेतलेला समुद्र मात्र समोर येईल तसा निमूटपणे पदरात घेतो.

स्नॉर्कलिंग म्हणजे तसे पाहिले तर साधा प्रकार. डोळ्यांवर काचेचा मास्क, दातांत नळी, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर पालथे पडून खाली पाहायचे. पोहता येणाऱ्याला सोपे जाते. न येणाऱ्याला मार्गदर्शक रबरी ट्यूबला धरून ओढत नेतो. आपण वरच तरंगत असल्यामुळे चार-पाच मीटर खोलीपर्यंतचेच नीट दिसते. म्हणून ‘जागा प्रसिद्ध आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी. विचारायचे ते तीन प्रश्न : पाणी शांत आहे का, नितळ आहे का, आणि प्रवाळावर पुरेसे पाणी आहे का? तिन्हींची उत्तरे तासागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. जागेचे नाव हे निम्मेच उत्तर.

हॅवलॉकचेच पाहा. 2018च्या डिसेंबरात त्याचे नाव स्वराज द्वीप झाले. तिथला राधानगर किनारा देखणा. पण तळाशी सगळी वाळू. सूर्यास्त पाहावा, लाटांत खेळावे. प्रवाळासाठी जाऊ नये. त्याच बेटावरच्या एलिफंट बीचवर प्रवाळ किनाऱ्यालगत आहेत, म्हणून सगळ्या होड्याही तिथेच लागतात. गर्दीच्या वेळी मासे कमी आणि माणसांचे पाय जास्त दिसतात. नील, म्हणजे आताचे शहीद द्वीप. तिथला भरतपूर किनारा उथळ आणि शांत, मुलांना मानवणारा. पण ओहोटीला तिथले प्रवाळ जवळजवळ उघडे पडतात आणि गुडघे खरचटतात. पोर्ट ब्लेअरसमोरच्या नॉर्थ बेचा दीपस्तंभ जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर होता, म्हणून तिथे मंडळी हौसेने जातात. पण नोटेवर चित्र असणे हा पाणी चांगले असल्याचा दाखला नव्हे.

माझ्या मते कुटुंबासाठी सर्वांत चांगली जागा आहे ती वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात. 1983मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे पर्यटकांसाठी आळीपाळीने उघडतात. एक उघडे असताना दुसऱ्याला विसावा मिळतो. परवाना काढावा लागतो, माणसांची संख्या मर्यादित असते, प्लास्टिक नेता येत नाही. पाण्यात न उतरणाऱ्या आजी-आजोबांसाठी काचेच्या तळाची होडी असते. या साऱ्यात जवळजवळ एक दिवस जातो, म्हणून पुष्कळ कार्यक्रमपत्रिकांत हे नाव नसते. ज्या नियमांचा आपल्याला जाच वाटतो, त्यांच्यामुळेच तिथे पाहण्यासारखे काही उरले आहे.

आता वेळेचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. उधाणात पाण्याची चढउतार मोठी आणि ओढही मोठी. भांगात दोन्ही कमी. नवख्यांनी भांगाचे दिवस निवडावेत, आणि पूर्ण भरतीच्या आगेमागेच पाण्यात उतरावे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोकणी हिशेब मात्र अंदमानात चालत नाही. तिथल्या होडीवाल्यालाच विचारावे. शिवाय घड्याळ आपले असले तरी सूर्य तिथे लवकर उगवतो आणि हिवाळ्यात पाचच्या सुमारास मावळतो. तेव्हा शक्यतो सकाळच गाठावी.

महिन्यांचा प्रश्न आपल्या सुट्ट्यांशी भांडतो. समुद्र शांत असतो जानेवारी ते एप्रिल, नेमका परीक्षांच्या दिवसांत. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस आपल्या आधी अंदमानात पोहोचतो. त्यामुळे एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला आठवडा हाच शाळकरी मुलांच्या घराला उरलेला मधला मार्ग.

आणि धोका? तो आहे. 2010 साली राधानगरजवळ स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला. खारफुटीच्या खाड्यांच्या तोंडाशी उतरू नये, इशाऱ्याचे फलक वाचावेत. घरातल्या सर्वांत कच्च्या माणसाला जे पाणी झेपेल तेच सगळ्यांनी निवडावे.

तेवढीच काळजी खालच्या जिवाचीही हवी. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. असंख्य चिमुकल्या जिवांची ती वसाहत. त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना अन्न आणि रंग देतात. पाणी काही आठवडे नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापले, तरी ही शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. अंदमानात हे 1998, 2010 आणि 2016 मध्ये घडले. घुमटासारखा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. त्यावर उभे राहून फोटो काढायला अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढ्यात कित्येक वर्षांची वाढ मोडते. समुद्राचे तापमान आपल्या हाती नाही. पाय कुठे टेकायचा हे आहे. क्रीम थापण्याऐवजी लांब बाह्यांचा सदरा घालणेही आहे.

म्हणून दोन सूचना. अंदमानच्या आधी मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात हिवाळ्यात स्नॉर्कलिंग करता येते. नळीतून श्वास घेण्याची भीती तिथेच मोडली, की अंदमानात पाय टेकायची धडपड होत नाही. आणि पैसे भरण्यापूर्वी सहलवाल्याला विचारावे : त्या दिवशी भरती किती वाजता? जॉली बॉय-रेड स्किनपैकी कोणते बेट उघडे असेल? एका मार्गदर्शकामागे माणसे किती? सुरुवातीला तो गोंधळेल. पण दहा घरांनी हेच विचारले, तर अकराव्यासाठी तो उत्तरे तयार ठेवील, आणि कदाचित त्याच्या छापील कार्यक्रमात भरतीची वेळही येईल.