शेजारच्या खुर्चीत कोण?

२०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, २१ तारखेला निकाल लागले, गुलाल उधळून झाला. आता पाच वर्षं पालिकेसाठी मत मागायला कुणी दारात येणार नाही. म्हणूनच पुढच्या नगराध्यक्षात काय बघावं, हे बोलायला हीच वेळ बरी. ऐन प्रचारात हा विषय काढला की समोरचा आधी विचारतो, "तुम्ही कुणाचे?" एकदा ते ठरलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

तसा आपल्या राहात्याच्या पट्ट्यात अध्यक्षांचा तुटवडा कधीच नव्हता. सोसायटीचा अध्यक्ष, पतसंस्थेचा, दूध संस्थेचा, यात्रा कमिटीचा, गणेश मंडळाचा. कशाचंच अध्यक्षपद न भोगलेला माणूस शोधायला निघालात तर संध्याकाळ होईल. मीही एका बक्षीस समारंभाचा दीड तास अध्यक्ष होतो. हाराचा फोटो अजून कपाटात आहे.

मागे एका निवडणुकीत एक तरुण उमेदवार आमच्या दारात आला. आईच्या पाया पडला. आईने डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बाळा, नळाला पाणी कधी येणार?" तो म्हणाला, "आई, काळजी करू नका, चोवीस तास पाणी देऊ." आई म्हणाली, "चोवीस तास नको रे, कधी येणार तेवढं सांग, म्हणजे हंडे घासून ठेवते." तो हसला, मागचे कार्यकर्ते हसले, घोषणा देत फेरी पुढच्या गल्लीत गेली. उत्तर काही मिळालं नाही.

मला त्या पोराचा राग आला नाही. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. आपलं पाणी गोदावरीच्या उजव्या कालव्याचं. दारणा, गंगापूर या धरणांतून सुटलेलं पाणी नांदूर मधमेश्वरला येतं, तिथून कालव्यात, आणि आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की आपल्या साठवण तलावात. आवर्तन लांबलं की नळाचे दिवस वाढतात. पुढचं आवर्तन कधी, तळं भरल्यावर किती दिवस पुरतं, हे दोन आकडे आले की आईला उत्तर देता आलं असतं. ते पाठ करायला एक दुपार पुरते. पण उमेदवारी मागताना ते कुणी विचारत नाही. तिथे विचारतात ते भावकी किती, वॉर्डात मतं किती आणि खर्चाची तयारी किती.

अशा वेळी मला आपल्याच तालुक्यातली एक जुनी गोष्ट आठवते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचं शाळेचं शिक्षण जेमतेम. कालव्याच्या पट्ट्यात ऊस पिकत होता, साखर खाजगी कंपन्या करत होत्या. १९४५ साली बेलापूरला बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. शेतकऱ्यांनीच सहकारी कारखाना काढावा, हा विचार तिथे पक्का झाला. मग विखे पाटील गावोगाव हिंडले, एकेका शेतकऱ्याला शेअर घ्यायला लावले. १९४८ साली कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला गाळप सुरू झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो.

इथवरची गोष्ट शाळेतल्या पोरालाही येते. मला महत्त्वाची वाटते ती पुढची. कारखाना उभा करणाऱ्या माणसाने चेअरमनची खुर्ची स्वतः घेतली नाही. ती गाडगीळांना दिली आणि आपण उपाध्यक्ष झाले. घेतली असती तर कोण बोललं असतं? शेअर त्यांनी गोळा केलेले, सभासद त्यांच्या शब्दावर आलेले, पायपीट त्यांची. गाडगीळांची इथे ना भावकी, ना सोयरीक, पाठीमागे एक मत नाही. पण कर्ज कसं काढायचं, सरकारशी कसं बोलायचं, सभासदाच्या पैशाचा हिशेब कसा ठेवायचा, हे त्यांना कळत होतं. पहिली जवळपास दहा वर्षं ते अध्यक्ष राहिले, नंतर ती जबाबदारी विखे पाटलांकडे आली. पुढे १९६७ साली गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, म्हणजे माणूस पारखण्यात लोणीकर दिल्लीच्या बरेच पुढे होते.

आपल्याला काय येत नाही हे विखे पाटलांना ठाऊक होतं, आणि ज्याला ते येतं त्याला मानाने वर बसवायला त्यांना कमीपणा वाटला नाही. उमेदवारात मी हे बघतो. शिक्षण कमी असलं तरी चालेल. त्याच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसतं? हिशेब कळणारं, तोंडावर 'अण्णा, हे चुकतंय' म्हणणारं एखादं माणूस आहे, की नुसते मोबाईल धरून फोटो काढणारे?

नगराध्यक्षाला तर याची गरज जास्तच. थेट जनतेतून निवड ही पद्धत आपल्याकडे सरकारच्या लहरीप्रमाणे येते-जाते. २००१ साली आणली, मग काढली, २०१६ ला परत आणली, २०२० ला पुन्हा काढली, २०२२ ला पुन्हा आणली. थेट निवडून आलेला माणूस एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं सर्रास होतं. ठराव तर बहुमतानेच होतो. रोजचा कारभार मुख्याधिकाऱ्याच्या हाती, आणि तो राज्य सरकारचा अधिकारी. म्हणजे ज्यांना प्रचारात शिव्या घातल्या, त्यांच्याशीच दुसऱ्या दिवसापासून गोड बोलून गटारीचं काम मंजूर करून घ्यायचं. ज्याला भर सभेत विरोधकाचं नाव घेतलं की घाम फुटतो, त्याचं हे काम नव्हे.

शपथपत्रं आपण चवीने वाचतो. किती एकर, किती तोळे, किती गुन्हे. गुन्ह्यांचा रकाना जरूर वाचा. पण आणखी एक बघा. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी अर्ज भरायच्या आठवड्यात भरली, की दरवर्षी वेळेवर भरत आला? अर्ज भरायचे दिवस आले की पालिकेच्या वसुली खिडकीवर कोण कोण दिसतं, ते तिथल्या माणसाला विचारा.

कुणी म्हणेल, नगरपालिकेचं एवढं काय घेऊन बसलात? तर देशाचे पहिले राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद १९२४ साली पाटणा नगरपालिकेचे अध्यक्ष झाले होते. पुढे राष्ट्रपती झालेल्या द्रौपदी मुर्मू १९९७ साली ओडिशातल्या रायरंगपूर नगरपंचायतीच्या नगरसेविका म्हणून निवडून आल्या. राष्ट्रपती निवडताना आपलं थेट मत नसतं, आमदार-खासदार मत देतात. नगराध्यक्षाचं बटण मात्र आपल्याच बोटाखाली असतं.

आई आता नाही. तिचा प्रश्न मी घरात सगळ्यांना वाटून दिला आहे. पुढच्या वेळी दारात कुणी आलं, तर चहा द्या, पाया पडू द्या, आणि विचारा: आवर्तन पंधरा दिवस लांबलं, तर तळ्यातलं पाणी कधीपर्यंत पुरेल? उत्तर त्याला देता आलं नाही तरी हरकत नाही. त्याने मागे वळून कुणाकडे पाहिलं, ते तेवढं बघा.