सेवेची मोजदाद

मिझोरममधील गावात कोणी निवर्तले, म्हणजे तेथील तरुण कुदळ-फावडी घेऊन कबर खणावयास निघतात. 1935 साली स्थापन झालेल्या तेथील युवक संघटनेने ही रीत जतन केली आहे. पंजाबात लंगराची भांडी घासणारे हात मोबदला मागत नाहीत. महाराष्ट्रातील खेड्यांत इर्जिकीच्या दिवशी साऱ्या गावाचे नांगर एकाच शेतकऱ्याच्या रानात उतरत, आणि त्याच्या घरचे जेवण हीच काय ती मजुरी असे. या मंडळींना ‘तुम्ही स्वयंसेवक आहात काय?’ असे विचारले, तर बहुतेक जण बहुधा ‘नाही’ म्हणतील. त्यांच्या दृष्टीने तो शेजारधर्म होय. सेवेच्या मोजदादीतील पहिली अडचण हीच आहे.

2013 साली जिनिव्हा येथे भरलेल्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने यासाठी एक व्याख्या ठरविली. सक्तीवाचून व वेतनावाचून, स्वतःच्या कुटुंबाबाहेरील लोकांसाठी केलेले काम म्हणजे स्वयंसेवा. मग ते संस्थेमार्फत असो वा थेट शेजाऱ्यासाठी असो. चार आठवड्यांत वा महिन्यात निदान एक तास असे काम केलेली प्रौढ व्यक्ती गणनेस पात्र ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेने तर ‘स्वयंसेवक’ हा शब्द प्रश्नात टाळून प्रत्यक्ष कामाविषयी विचारावे, असे सुचविले होते.

भारतात 2019 साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशव्यापी कालविनियोग सर्वेक्षण केले. आदल्या दिवशी पहाटे चार वाजल्यापासूनच्या चोवीस तासांत कोणी काय केले, याची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद त्यात घेतली गेली. विनावेतन स्वयंसेवा, उमेदवारी व तत्सम कामे यांच्या वर्गात त्या एका दिवसात सहा वर्षांवरील 2.4 टक्के व्यक्ती आढळल्या. 2024 साली असेच सर्वेक्षण पुन्हा झाले.

2.4 या आकड्यावरून भारतीय मनुष्य समाजासाठी झिजत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तीस माणसांच्या एका वस्तीची कल्पना करावी. प्रत्येक जण महिन्यातून एक दिवस, आपापल्या पाळीने, विहीर साफ करतो. कोणत्याही एका दिवशी चौकशी केली तर सेवा करणारा एकच सापडेल. महिन्याचा हिशेब विचारला तर तीसही सापडतील. विहीर तीच आणि माणसेही तीच, बदलली ती केवळ मोजपट्टी. अमेरिकेत 2015 साली 24.9 टक्के लोक स्वयंसेवक ठरले, ते वर्षभराच्या आणि केवळ संस्थांमार्फत झालेल्या कामाविषयी विचारल्यावर. हे दोन आकडे शेजारी ठेवून दोन देशांच्या वृत्तीची तुलना करणे म्हणजे शेराने कापड मोजणे होय.

एका दिवसाची नोंद निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. समाजाने सेवेला एकूण किती तास दिले, हे तिच्यावरून चांगले कळते. मात्र किती प्रौढांनी सेवा केली, हे जाणण्यास महिन्याची मुदत व प्रौढांचा वेगळा हिशेब हवा. त्यात उमेदवारी करणारे मिसळता कामा नयेत. 2017 पासून चालू असलेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे गणक घरोघर जातातच. त्याच प्रश्नावलीस ठराविक काळाने पाच-सहा प्रश्नांची पुरवणी जोडावी. पूर आला तेव्हा कोणासाठी अन्न शिजविले काय, कोणा आजाऱ्याची शुश्रूषा केली काय, शाळेची भिंत बांधू लागला काय, असे साधे प्रश्न त्या-त्या प्रांताच्या भाषेत विचारावेत.

यावर एक आक्षेप येईल. या हाताचे दान त्या हाताला कळू नये, अशी शिकवण असताना सेवेची गणना कशाला? परंतु सर्वेक्षणात व्यक्तीचे नाव प्रसिद्ध होत नाही, प्रसिद्ध होते ती समाजाची बेरीज. जे कागदावर नाही, ते योजनेत येत नाही. शेजारच्या बाळंतिणीची काळजी वाहणारी स्त्री नोंदीबाहेर राहिली, तर तिचे श्रम फुकट व अमर्याद आहेत असे गृहीत धरले जाते, आणि ती थकली म्हणजे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सेवेचे मोल पैशात करू नये, हे खरे. तिची नोंदच न करणे हा मात्र तिचा गौरव नव्हे.