विश्लेषण : जपानमध्ये बाळासाठी सोयी भरपूर, तरीही पालक अवघडलेले का?

टोक्योतील एखाद्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लहान मुलांच्या कपड्यांच्या मजल्यावर बहुधा एक शांत खोली असते. तेथे डायपर बदलण्याची गादी, स्तनपानासाठी पडद्याआडची खुर्ची, पावडरचे दूध कालवण्यासाठी गरम पाण्याचा नळ आणि अनेकदा बाळाचे वजन करण्याचा काटाही असतो. त्याच इमारतीखालून सुटणाऱ्या मेट्रोत बाळ रडू लागले, की आई दाराशी जाऊन उभी राहते, आजूबाजूच्यांना मान झुकवून ‘सुमिमासेन’ म्हणते आणि रडणे थांबले नाही तर पुढच्या स्थानकावर उतरून जाते. बाळासाठी इतके करणाऱ्या देशात बाळाच्या पालकांना माफी का मागावी लागते? लहान मुलांसह जपानला जाणाऱ्या भारतीय कुटुंबांनी विमानाच्या तिकिटाआधी हा प्रश्न समजून घ्यायला हवा.

सोयी नेमक्या कोणत्या?

मोठी रेल्वे स्थानके, विमानतळ, मॉल आणि डिपार्टमेंट स्टोअर येथे बाळासाठीच्या खोल्या सहज सापडतात. डायपर बदलण्याची फळी पुरुषांच्या स्वच्छतागृहातही दिसू लागली आहे, म्हणजे हे काम आईचेच असे गृहीत धरलेले नाही. ‘आकाचान होन्पो’ आणि ‘निशिमात्सुया’ या दुकानांच्या साखळ्या बाळांच्या व लहान मुलांच्या वस्तूंसाठी आहेत. डायपर, ओले रुमाल, वयानुसार वेगवेगळ्या पाकिटांतील मऊ अन्न हे औषधांच्या दुकानांतही मिळते. तयार द्रवरूप दूध मात्र जपानमध्ये उशिरा आले. २०१६च्या कुमामोतो भूकंपात फिनलंडहून आलेले असे दूध मदत म्हणून वाटण्यात आले, तेव्हा त्याची गरज ठळक झाली. २०१८मध्ये नियम बदलले आणि २०१९पासून देशी कंपन्यांचे द्रवरूप दूध दुकानांत आले. पाणी उकळण्याची सोय नसलेल्या प्रवासात ते फार उपयोगी पडते.

रेल्वेत बाबागाडी चालते का?

चालते आणि ती घडी न करता चालते. २०१४मध्ये जपानच्या वाहतूक मंत्रालयाच्या पुढाकाराने स्थापलेल्या परिषदेने रेल्वे व बसमध्ये बाबागाडी उघडी ठेवण्यास हरकत नाही, असे तत्त्व ठरवले आणि त्यासाठी एक चिन्हही तयार केले. टोक्यो महानगर प्रशासनाच्या ओएदो मेट्रो मार्गावर २०१९पासून काही डब्यांत मुलांसह प्रवास करणाऱ्यांसाठी सजवलेली जागा आहे. टोक्योतील सरकारी बसमध्ये २०२१पासून जुळ्यांची बाबागाडीही उघडीच नेता येते. महिलांच्या डब्यात प्राथमिक शाळेपर्यंतचे मुलगेही बसू शकतात.

शिन्कान्सेनमध्ये शाळेत न जाणाऱ्या सहा वर्षांखालील मुलाला स्वतंत्र आसन घेतले नाही तर भाडे पडत नाही. एका प्रौढामागे अशी दोन मुले चालतात. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे भाडे असते. टोक्यो ते ओसाका मार्गावरील गाड्यांत अकराव्या डब्यात एक बहुउद्देशीय खोली असते. आजारी व दिव्यांग प्रवाशांसाठी तिला प्राधान्य असले, तरी ती रिकामी असेल तर रेल्वे कर्मचाऱ्याला विचारून स्तनपानासाठी वापरता येते. स्थानकांतील लिफ्ट व सरकत्या फलाट-दारांसाठी जेआर ईस्टच्या टोक्यो परिसरातील मार्गांवर आणि टोक्यो मेट्रोमध्ये मार्च २०२३मध्ये प्रौढांच्या नेहमीच्या तिकिटात १० येनची भर पडली. म्हणजे मूल असो वा नसो, प्रवाशांनी या सोयीसाठी पैसे मोजले.

मग अडचण कुठे आहे?

ती ‘मेइवाकु’ या शब्दात आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास, असा त्याचा अर्थ. तो होऊ द्यायचा नाही, हे जपानी मूल लहानपणापासून शिकते. म्हणूनच गाडीत कुणी फोनवर बोलत नाही, रांग मोडत नाही, कचरा टाकत नाही. पर्यटक ज्या शांततेचे आणि स्वच्छतेचे कौतुक करून परततात, ती याच संस्काराची देणगी. बाळाला मात्र हा संस्कार ठाऊक नसतो. ते भूक लागली की रडते आणि त्याचा भार पालकांच्या मानेवर येतो.

हा भार दर वेळी कुणी बोलून टाकतो असे नाही. परक्या पर्यटकाला थेट सुनावणारे जपानी विरळाच. उलट बाळाकडे पाहून हसणाऱ्या आजी, आसन देणारे प्रवासी, बाबागाडी पायऱ्यांवरून उचलू लागणारे तरुण भेटतातच. पण डब्यातील शांतताच इतकी घट्ट असते, की त्यात बाळाचा साधा हुंकारही मोठा वाटतो. जपान एअरलाइन्सच्या संकेतस्थळावर आसन निवडताना दोन वर्षांखालील बाळ कुठे बसणार आहे, हे दाखवणारे चिन्ह असते. २०१९मध्ये ते जगभर चर्चेत आले. काहींनी ती उत्तम सोय ठरवली, काहींना त्यात बाळ हे टाळण्याचे ठिकाण झाल्याचे दिसले. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि जपानचा पेचही हाच आहे.

हा वाद केवळ प्रवासापुरता आहे का?

नाही. २०१५मध्ये टोक्यो महानगराला आपल्या पर्यावरण नियमांत बदल करून शाळेआधीच्या वयाच्या मुलांचा आवाज ध्वनिमर्यादेतून वगळावा लागला. म्हणजे तोवर मुलांचा किलबिलाट आणि कारखान्याचा खडखडाट नियमाच्या एकाच तराजूत होते. २०१६मध्ये चिबा प्रांतातील इचिकावा शहरात शेजाऱ्यांच्या विरोधामुळे एका पाळणाघराचा बेत रद्द झाला. आवाजाची भीती हे त्यातील एक कारण होते. २०१७मध्ये कुमामोतो शहराच्या नगरसेविका युका ओगाता सात महिन्यांच्या बाळाला घेऊन सभागृहात बसल्या, तर कामकाज सुमारे ४० मिनिटे लांबले आणि पुढे त्यांनाच समज देण्यात आली. नागानो शहरात तर तक्रारींनंतर मुलांचे एक मैदान २०२३मध्ये बंद झाले.

याची दुसरी बाजूही जपानमध्येच आहे. नागानोच्या निर्णयावर देशभरातून टीका झाली. त्याआधी २०१६मध्ये ‘रडले तरी चालेल’ असा संदेश देणारे स्टिकर मोबाइलवर किंवा पिशवीवर लावण्याची मोहीम सुरू झाली आणि अनेक प्रांतांनी तिला साथ दिली. पण बाळ रडले तर चालेल, हे सांगायला स्टिकर लागतो, यातच बरेच काही येते.

याचा घटत्या जन्मदराशी संबंध आहे का?

जपानमध्ये २०१६मध्ये पहिल्यांदा वर्षभरातील जन्म दहा लाखांच्या खाली गेले. २०२४मध्ये ते ६ लाख ८६ हजारांवर आले आणि एकूण जननदर १.१५ झाला. जन्मांची ही संख्या १८९९पासूनच्या नोंदींतील तोवरचा नीचांक. ओजी होल्डिंग्ज या कंपनीने २०२४मध्ये देशातील बाजारासाठी बाळांचे डायपर बनवणे थांबवून प्रौढांच्या डायपरवर भर देण्याचे ठरवले. सरकार स्वस्थ बसलेले नाही. एप्रिल २०२३मध्ये मुले व कुटुंबांसाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. त्याच वर्षी सरकारी संग्रहालये व उद्यानांत मुलांसह आलेल्यांना रांगेत प्राधान्य देण्याचा उपक्रमही सुरू झाला.

उशिरा होणारी लग्ने, कामाचे लांबलचक तास, घरांच्या किमती, स्त्रियांवरच पडणारे घरकाम ही जन्मदर घटण्याची मोठी कारणे आहेत. बाळाच्या रडण्याला नाके मुरडली जातात म्हणून कुणी मूल होऊ देत नाही, असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. पण एक दुष्टचक्र मात्र दिसते. मुले कमी झाली, म्हणून मुलांच्या आवाजाची सवय कमी झाली. सवय कमी झाली, म्हणून तो आवाज अधिक खटकू लागला. तो खटकतो, म्हणून पालक बाळाला घेऊन बाहेर पडायला कचरतात आणि सार्वजनिक जागेत मुले आणखी कमी दिसतात. लिफ्ट बसवून हे चक्र तुटत नाही. ते तुटायचे तर बाळे गाडीत, हॉटेलात, देवळात दिसावी लागतात आणि ऐकूही यावी लागतात.

भारतीय पालकांनी काय लक्षात घ्यावे?

पहिली गोष्ट वेळेची. सकाळी साधारण साडेसात ते नऊ या वेळात टोक्यो किंवा ओसाकाच्या गाडीत बाबागाडी घेऊन शिरू नये. नियम आडवा येत नाही, गर्दी येते. लिफ्ट असते, पण फलाटाच्या एका टोकाला, म्हणून गाडी बदलताना हाताशी जादा वेळ हवा. क्योटोतील फुशिमी इनारीच्या पायऱ्या, कियोमिझु मंदिराकडचा चढ किंवा देवळांच्या आवारातील खडी यांवर बाबागाडीपेक्षा बाळ अंगाशी बांधणे सोपे. टॅक्सीला बालआसनाची सक्ती नाही, मात्र भाड्याने गाडी घेतल्यास सहा वर्षांखालील मुलासाठी ते कायद्याने लागते. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे नसतात, तेव्हा वापरलेल्या डायपरसाठी बंद होणाऱ्या पिशव्या जवळ ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट अन्नाची. शाकाहारी कुटुंबांनी ध्यानात घ्यावे, की साध्या दिसणाऱ्या सारातही बहुतेकदा सुक्या माशाचा अर्क, म्हणजे ‘दाशी’ असतो. बाळाच्या भाज्यांच्या पाकिटातही तो असू शकतो. ॲलर्जीबाबत मात्र वेष्टनावरील माहिती चोख असते. अंडे, दूध, गहू, बकव्हीट, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड यांचा उल्लेख बंधनकारक आहे. तो जपानीत असतो, म्हणून मोबाइलवरील भाषांतराची सोय हवीच.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. पारंपरिक ‘र्‍योकान’मध्ये तातामी चटईवर अंथरलेली गादी रांगणाऱ्या बाळासाठी सुरक्षित, पण काही र्‍योकान लहान मुले घेत नाहीत, हे आधी विचारावे. गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडांत डायपर घालणाऱ्या बाळांना बहुतेक ठिकाणी मज्जाव असतो. मुलीने वडिलांबरोबर किंवा मुलाने आईबरोबर सार्वजनिक स्नानगृहात जाण्याचे वयही २०२०मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दहावरून साधारण सातपर्यंत खाली आणले गेले. कुटुंबापुरते कुंड तासाभरासाठी घेण्याची सोय अनेक ठिकाणी असते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट औषधांची. भारतात सर्रास मिळणाऱ्या सर्दीच्या काही औषधांतील स्युडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या औषधांतील कोडीन यांच्यावर जपानमध्ये कडक मर्यादा आहेत. घरातली औषधांची पेटी जशीच्या तशी उचलून नेऊ नये. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी आणि शंका असलेल्या औषधाची परवानगी निघण्यापूर्वीच तपासावी. रुग्णवाहिकेसाठी ११९ हा क्रमांक आहे. जपानी मुलांना मिळणारी उपचारांतील सवलत पर्यटकांना लागू नाही, त्यामुळे बाळाचाही प्रवास विमा काढलेला असावा.

बाळ रडलेच तर?

डब्याच्या दाराशी जावे, बाळाला शांत करावे, शेजाऱ्याकडे पाहून एकदा ‘सुमिमासेन’ म्हणावे. यजमानांच्या घरी त्यांच्या रीतीने वागणे हा सभ्यपणा. मोठ्या मुलांना आसनांवर उड्या मारू देणे, मोबाइलवर मोठ्याने कार्टून लावणे हे मात्र ‘मूल आहे, चालायचेच’ या सबबीखाली खपवू नये. ते आई-वडिलांच्या हातात असते, तान्ह्याचे रडणे नसते. पण सभ्यपणा आणि अपराधभाव यांत फरक आहे. तान्हे बाळ घेऊन गाडीत बसणे हा गुन्हा नव्हे आणि नियमही पालकांच्याच बाजूने आहेत. एकदा माफी मागावी, दहा वेळा नको.

यातून आपण काय घ्यावे?

आपल्याकडे चित्र बरोबर उलटे आहे. लोकलच्या महिलांच्या डब्यात बाळ रडू लागले तर चार हात पुढे होतात, कुणी बांगड्या वाजवते, कुणी बाळाला सरळ मांडीवर घेते. मात्र त्याच आईला फलाट बदलायचा तर बाळ, पिशवी आणि पुलाच्या पायऱ्या अशी कसरत करावी लागते. एसटी स्थानकांत ‘हिरकणी कक्ष’ ही चांगली कल्पना आली, पण पाटीमागचे दार उघडे आणि खोली स्वच्छ असेलच, अशी खात्री आईला देता येत नाही. माणुसकी आहे म्हणून सोयींकडे दुर्लक्ष करण्याची चैन आपण बरीच वर्षे केली. जपानने सोयी उभारल्या आणि मनातली जागा उभारायची राहून गेली.

बाळाला दोन्ही लागतात. लिफ्ट पैशाने आणि नियमाने उभी राहते, दहा-वीस वर्षांत सगळीकडे पोहोचतेही. रडणाऱ्या बाळाकडे पाहून हसण्याची सवय एकदा मोडली की ती कुठल्याही अंदाजपत्रकातून परत आणता येत नाही. महाराष्ट्राच्या शहरांतही घरे लहान होत आहेत, कुटुंबे आटत आहेत आणि गृहसंकुलांच्या फाटकांवर ‘येथे खेळू नये’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. जपानहून परतणाऱ्यांनी तिथल्या सोयींचे फोटो जरूर आणावेत. त्या पाट्यांचे काय करायचे, हे मात्र आपले आपल्यालाच ठरवावे लागेल.