दुहेरी पदवी कुणाच्या कामाची?

मैत्रिणींनो, अलीकडे आपल्या शिबिरांत एक सूचना पुन्हा पुन्हा ऐकू येते. हुशार मुलींनी डॉक्टरही व्हावं आणि वकीलही. म्हणजे अत्याचाराच्या केसमध्ये तपासणीपासून निकालापर्यंत, दोन्ही विषय जाणणारी एक तरी बाई पीडितेच्या बाजूनं उभी राहील. सूचना करणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण चळवळीनं आपली ताकद या मागणीमागे लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी व्यवहार पाहू. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, मग एलएल.बी.ची तीन. साडेआठ वर्षं शिकत राहणं कुठल्या घरातल्या मुलीला परवडतं? ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या मुलीला नक्कीच नाही. आणि एवढं करून दोन्ही व्यवसाय एकत्र करता येत नाहीत. मुंबईचे शल्यविशारद डॉ. हनिराज चुलानी यांनी एलएल.बी. झाल्यावर डॉक्टरकी चालू ठेवून वकिलीची सनद मागितली. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलनं ती नाकारली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो नकार कायम केला. म्हणजे सनद हवी तर दवाखाना बंद करा! शिवाय जी डॉक्टर तपासते ती खटल्यात साक्षीदार असते. त्याच खटल्यात तिला वकील म्हणून उभं राहता येत नाही. मग एकाच बाईनं तपासायचं आणि तिनंच लढायचं, हे होणार कसं?

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. वैद्यक आणि कायदा यांची गाठ पडते ती बाईच्या शरीरावर, आणि तिथं त्यांनी आजवर काय केलं ते आपण विसरता कामा नये. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला. तपासणाऱ्या डॉक्टरनं लिहिलं की अंगावर जखम नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेलं आहे, दोन बोटं सहज जातात. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. जखम नाही म्हणजे प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणजे संमती! डॉक्टरच्या कागदानं आणि न्यायाधीशांच्या तर्कानं मिळून एका आदिवासी मुलीला खोटं पाडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला.

दवाखान्यातला कागद मात्र बदलला नाही. दोन बोटांची चाचणी बाईच्या हक्कांवर घाला घालते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ती करू नये अशा सूचना काढल्या. तरीही २०२२ मध्ये न्यायालयाला बजावावं लागलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाबद्दल दोषी धरला जाईल. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि योनिपटलाचं महत्त्व हे विषय पुन्हा अवतरले! विरोध झाल्यावर सप्टेंबरमध्ये ते मागे घेतले गेले. म्हणजे पुरुषप्रधान समजुतीच शास्त्र म्हणून शिकवल्या जात होत्या. अशा शिक्षणाची एक पदवी घेतली काय नि दोन घेतल्या काय, पूर्वग्रह तेवढा दुप्पट होईल.

माझं शिक्षण एम.एस.डब्ल्यू.चं. कामानिमित्त मी बायकांबरोबर सरकारी दवाखान्यांत आणि कोर्टात जाते. एका ग्रामीण रुग्णालयात 'आधी पोलिसांचं पत्र आणा' म्हणून एका तरुण बाईला तीन तास बाकावर बसवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. तिथल्या डॉक्टरबाई दुष्ट नव्हत्या, त्यांना कायदा कुणी सांगितलाच नव्हता. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयानं अशा बाईवर ताबडतोब आणि मोफत उपचार करावेत, हे बंधन २०१३ पासून आहे. आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. उपचार नाकारले तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कोर्टात याचीच दुसरी बाजू दिसते. 'जखमा आढळल्या नाहीत' या एका ओळीवर आरोपीचा वकील तासभर बोलतो. सरकारी वकील उठून विचारत नाहीत की तपासणी किती दिवसांनी झाली? मधे आंघोळ झाली होती का? भीतीनं गोठलेल्या बाईच्या अंगावर जखम दिसेलच कशी? प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. पण वैद्यकीय अहवाल वाचायचा कसा, हे त्या वकिलांना कुणी शिकवलेलं नसतं.

ज्या मुलीला दोन्ही पदव्या घ्यायच्या आहेत तिनं खुशाल घ्याव्यात. पण आपली मागणी चारदोन दुहेरी पदवीधर निघावेत एवढी लहान असू नये. प्रत्येक डॉक्टरला इंटर्नशिपमध्ये, प्रत्यक्ष नमुना अर्ज हातात घेऊन, पीडितेची संमती, तपासणी आणि साक्ष यांचं शिक्षण मिळालं पाहिजे. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वैद्यकीय अहवाल तपासता आला पाहिजे. आणि दोघांना शिकवताना पीडित बाईबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या कार्यकर्तीचा अनुभव ऐकला गेला पाहिजे.

तोवर आपण काय करायचं? आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात जा. २०१४ च्या सूचना तिथं आहेत का, अहवालाचा जुना अर्ज अजून चालू आहे का, ते विचारा. कलम ३९७ मोठ्या अक्षरांत लिहून आकस्मिक विभागाबाहेर लावायला सांगा. वैद्यकीय अधीक्षकांकडून लेखी उत्तर घ्या. मथुराच्या निकालानंतर कायदा बदलून घेताना आपल्यापैकी बहुतेकींकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती, आणि वकिलीचीही नव्हती.