बैठकीची उंची

जुन्या वाड्याच्या अंतर्भागाची नव्याने मांडणी करण्याचा विचार निघाला की चर्चा बहुधा रंग, फरशी, दिवे आणि फर्निचर यांपासून सुरू होते आणि तेथेच रेंगाळते. परंतु देशावरील मराठी वाड्याच्या आतल्या रचनेचा उलगडा ज्या एका मापाने होतो, ते माप म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची होय. ही उंची साधारण अडीच फूट भरते, खुर्चीवर बसलेल्याची सुमारे चार फूट. या दीड फुटाच्या फरकाने वाड्याचे काय होते, याचा विचार कंत्राटाच्या कागदावर क्वचितच केलेला आढळतो.

वाड्याच्या माडीवरील, म्हणजे वरच्या मजल्यावरील खिडक्या पुष्कळदा जमिनीपासून वीतभर किंवा हातभर उंचीवरच सुरू होतात, कारण गादीवर तक्क्याला टेकून बसलेल्याला रस्ता दिसावा आणि वारा अंगाला लागावा ही अपेक्षा होती. दिवा ठेवण्याची दिवळी, पोथ्या आणि पानाचा डबा ठेवण्याचा कोनाडा, भिंतीच्या जाडीत बसवलेले फडताळ, हे सारे बसल्या जागेवरून हात पोचेल अशा बेताने केलेले असे. छताची उंची कित्येक ठिकाणी सात-आठ फुटांपलीकडे जात नसे, आणि खाली बसणाऱ्याला ती पुरून उरे. चौकाच्या कडेने फिरणारी ओसरी चौकापेक्षा हात-दीड हात उंच ठेवलेली असे. तिच्या काठावर पाय सोडून बसता येई, म्हणजे ज्याला आज आसन म्हणतात ते काम तेथे खुद्द जमीनच करीत असे. आल्यागेल्याला कोणत्या पायरीपर्यंत येऊ द्यायचे, हेही याच उंच-सखल पातळ्यांवरून ठरत असे, आणि या गोष्टीकडे पुढे वळावेच लागेल.

अशा माडीत सोफा आणून ठेवला की त्याच्या पाठीआड खिडकीचा बराचसा भाग झाकला जातो, उरलेल्या भागातून बसलेल्याला रस्त्याऐवजी समोरच्या घराचे कौल दिसते, कोनाडे गुडघ्याच्या पातळीवर येऊन निरुपयोगी ठरतात आणि छत डोक्यावर आल्यासारखे वाटू लागते. घरातील मंडळी मग वाडा अंधारा आणि ठेंगणा असल्याची तक्रार करतात, आणि उपाय म्हणून कोनाडे बुजवले जातात, खिडकीचा खालचा भाग विटांनी भरला जातो, आणि भर दुपारी दिवे लावावे लागतात. वस्तुतः वाडा होता तेवढाच असतो, बसणारे तेवढे दीड फूट वर गेलेले असतात.

यावर सर्वांनी पुन्हा जमिनीवर बसावे असा उपदेश करणे फोल आहे. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला मांडी घालता येत नाही, उंच उंबरठा ओलांडताना तोल जातो, आणि भिंतीच्या जाडीत दडवलेला तो अरुंद, उभा, अंधारा जिना, ज्यात धरायला वरून दोर सोडलेला असे, धडधाकट माणसालाही दमवतो. तेव्हा नव्या मांडणीत उंचीची वाटणी करणे अधिक शहाणपणाचे ठरते: खुर्च्या, उंच पलंग आणि कमोड तळमजल्यावर, जेथे छत उंच आहे आणि उंबरठ्याशी लहानसा उतार करता येतो, माडीवर मात्र गादी, लोड, बुटके दिवाण आणि चौरंग, म्हणजे तेथील खिडक्यांना त्यांचा अर्थ परत मिळतो.

स्वयंपाकघराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. चूल, पाटा-वरवंटा, विळी आणि परात ही सारी जमिनीवरची साधने होती. गॅस आला, उभ्याने काम करण्याचा ओटा आला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरातील सर्वांत मोठा बदल याच खोलीत घडला. जमिनीवरच्या स्वयंपाकाविषयी हळवे होणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तेथे उकिडवे बसून तीस माणसांच्या भाकऱ्या थापलेल्या असतात, हे नमूद करणे भाग आहे. हीच गोष्ट माजघराची. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध असलेली ही खोली बायकांची, बाहेरच्या नजरेपासून राखलेली, आणि त्यामुळेच बहुधा बिनखिडकीची असे. तिला लागून असलेली बाळंतिणीची खोली तर दिवसाही काळोखी. ओसरीपर्यंत कोण, माजघरापर्यंत कोण आणि देवघराशी कोण, यांचे जातीचे, सोवळ्याचे आणि विटाळाचे नियम घराच्या नकाशातच कोरलेले होते. वारसा म्हणून जे जपायचे त्यात हा काळोख मोजण्याचे कारण नाही. कौलारू छपरात चार-दोन काचेची कौले बसवली, किंवा धाब्याच्या घरात बुजवलेले साणे, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेले भोक, पुन्हा उघडून त्यावर काच टाकली, तर माजघर हीच घरातील सर्वांत थंड आणि बसण्याजोगी खोली होऊ शकते.

आता प्रश्न पाडापाडीचा. वाड्याचे माप खणांत सांगतात. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर, साधारण पाच-सहा फुटांचे, आणि ते सुताराला परवडणाऱ्या तुळईच्या लांबीवरून ठरलेले. माजघर पाच खणांचे, सोपा सात खणांचा, अशी भाषा असे. वरचा भार तुळयांतून खांबांवर आणि खांबांतून उथाळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या घडीव दगडावर उतरतो. मधल्या भिंती बहुतेक ठिकाणी केवळ भरावाच्या असतात. यातून निघणारा निष्कर्ष आजच्या घरमालकाच्या सवयीच्या नेमका उलट आहे. त्याला मोठा हॉल हवा असतो, म्हणून तो मधला खांब काढायला सांगतो आणि भिंत राखतो. खरे तर नीट तपासणी करून मधली भिंत उतरवता येते, खांबाला मात्र हात लावायचा तर आधी लोखंडी गर्डर आणि टेकू यांचा हिशेब मांडावा लागतो. बाहेरच्या भिंतींची गोष्ट निराळी, त्या पुष्कळदा भार घेतात. उरलेले खांब दिवाणखान्याच्या मधोमध अडचण वाटतात हे खरे, परंतु पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब पाहण्यासाठी लोक मुद्दाम जातात आणि घरी येऊन स्वतःचे खांब प्लायवूडने मढवतात, यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या बाजीरावाने १९व्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या त्या वाड्यात पेशवाई संपल्यावर १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली, १८७९ मध्ये त्याला आग लागली, नंतर तेथे कचेऱ्या आल्या; खणांची चौकट एवढी लवचीक असते की राजवाडा, शाळा आणि कचेरी हे तिन्ही वापर ती पोटात घेते.

सामानाच्या निवडीत मात्र लवचीकपणा फारसा चालत नाही. वाड्याची भिंत खाली दगडाची, वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची असते आणि ती ओल शोषून पुन्हा हवेत सोडत राहते. चुन्याचा गिलावा तिला हे करू देतो. भिजवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो, तरीही सच्छिद्र राहतो. सिमेंटचा गिलावा दिसायला चोख, पण ओल आतच कोंडतो. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागतो, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार वर येऊन फुलतात, आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. मग दोष मातीच्या माथी मारला जातो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे कोसळले, तेव्हापासून मातीच्या भिंतीविषयी एक धास्ती शहराच्या मनात बसली असल्यास नवल नाही. तरी पुरात बुडणे वेगळे आणि सिमेंटखाली गुदमरणे वेगळे. जमिनीचेही तसेच आहे. शेणाने सारवलेल्या किंवा शहाबादी फरशीच्या जमिनीतून ओल सांध्यांवाटे वर येऊन उडून जाते. तिच्यावर गुळगुळीत चकचकीत टाइल्सचा अखंड थर टाकला की तीच ओल बाजूच्या भिंतींत चढते.

सर्वांत घातक ठरतो तो फॉल्स सीलिंगचा मोह. कडीपाट म्हणजे ओळीने टाकलेल्या सागवानी कड्या, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. हे छत उघडे असते तोवर वाळवीची माती, पाण्याचा डाग किंवा वाकलेली कडी खालून झाडणाऱ्यालाही दिसते. पीओपीचे पांढरे छत हे सारे झाकते आणि उंदरांना एक स्वतंत्र मजला बांधून देते. माडीवर न्हाणीघर काढण्याचा हट्टही याच जातीचा, कारण मातीच्या थरात मुरलेले पाणी कड्यांची टोके भिंतीतच कुजवते. न्हाणीघर आणि संडास परसाकडे, स्वतंत्र जोत्यावर बांधून घराला जोडून घेणे बरे. विजेच्या तारांसाठी मातीच्या भिंतींत झिऱ्या मारण्यापेक्षा लाकडी पट्टीवरून उघड्या नेलेल्या तारा अधिक टिकतात, आणि वाईटही दिसत नाहीत.

ही सर्व चर्चा घराला एकच मालक आहे असे गृहीत धरून चालते, आणि वाड्यांच्या बाबतीत ते गृहीतकच बहुधा चुकीचे असते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यांमुळे भाडेकरू असलेल्या वाड्यांची डागडुजी मालकांना परवडेनाशी झाली. दुसरीकडे पिढीगणिक वाटण्या होत गेल्या, आणि २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच वाटा मिळाला, जे उचितच होते, पण सही करणाऱ्यांची यादी त्यामुळे लांबली. छप्पर सामाईक असल्याने त्यावर कोणी खर्च करीत नाही, आणि ज्याच्या त्याच्या खणांत मात्र जो तो आपल्या आवडीचे घर थाटतो. एकाने शहाबादी तशीच ठेवलेली असते, शेजारच्या वारसाने तिच्यावर सिमेंट आणि टाइल्स घातलेल्या असतात, आणि एके काळी सलग असलेल्या त्या ओसरीवरून चालताना जेथे चार बोटांची पायरी पायाला ठेचकाळते, तेथून दुसऱ्याची हद्द सुरू होते.