करार झाले, भाषा कोण शिकणार?

पुणे-सातारा रस्त्याने जाऊन नसरापूरपाशी पश्चिमेस वळले म्हणजे वेल्ह्याच्या वाटेवर मार्गासनी लागते, व तेथून राजगडाकडे जाता येते. हा गड जुलै 2025 मध्ये इतर अकरा दुर्गांसह जागतिक वारसा यादीत दाखल झाला. जपानातील हिमेजीचा किल्ला त्या यादीत 1993 पासूनच आहे. दोन्ही किल्ले आता एका पंक्तीस बसले, हे ठीकच झाले. पण किल्ल्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांची पंगत कधी बसणार?

हा प्रश्न आम्ही उगाच काढीत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये हिंदुस्थान व जपान या दोन सरकारांनी असे ठरविले की, पाच वर्षांत उभय देशांत मिळून पाच लक्ष माणसांची देवघेव व्हावी, आणि त्यांपैकी पन्नास हजार कुशल व होतकरू माणसे आपल्याकडून जपानास जावीत. म्हणजे बोलावणे आले आहे. परंतु विशिष्ट कौशल्याच्या परवान्यावर तेथे जावयाचे तर जपानी भाषेच्या पाच पायऱ्यांपैकी खालून दुसरी, म्हणजे ‘एन-4’, किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा सामान्यतः उतरावी लागते. पुण्यात रानडे इमारतीत विद्यापीठाचे वर्ग आहेत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही जपानी शिकवितात. शहरच्या मुलास ही पायरी चढणे कठीण नाही. दिवसभर भातखाचरात राबून संध्याकाळी मोकळा होणारा मार्गासनीचा मुलगा रोज पुण्यास कसा जाणार?

महाराष्ट्राचा व जपानचा संबंध नवा नव्हे, आणि तो आरंभी व्यापाऱ्यांनीच जोडला. 1893 साली जमशेटजी टाटांच्या साहाय्याने एका जपानी कंपनीच्या आगबोटी मुंबईस येऊ लागल्या व परक्या बोटवाल्यांच्या मक्त्यास न जुमानता आपला कापूस थेट जपानास जाऊ लागला. 1905 साली जपानने रशियास नमविले, तेव्हा आशिया खंडाची मान ताठ झाली. त्याच जपानने पुढे 1910 साली कोरिया गिळला, हेही आम्ही विसरत नाही. गुरूची विद्या घ्यावी, लोभ घेऊ नये. ती विद्या घेण्याचे शहाणपण त्या पिढीस होते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारिला, 1908 साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला, आणि तेथे काम शिकवावयास जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय लाभले. गरिबाचा पैसा व परदेशची विद्या यांची अशी गाठ पडली, म्हणून त्या स्नेहास फळ आले.

आज काय आहे? पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर 2006 साली उद्यान झाले. 2013 साली महाराष्ट्राने वाकायामा प्रांताशी करार केला. 2015 साली तेथील कोयासान विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसला. यांपैकी एकही गोष्ट आम्हांस कमी वाटत नाही. तथापि बागेत फिरून भाषा येत नाही, आणि करारावरील सही वाळली म्हणजे स्नेह झाला असेही नाही. दोन राष्ट्रांचा स्नेह म्हणजे दोन्हीकडील सामान्य माणसे एकमेकांशी बोलू लागणे होय.

कोणी म्हणेल, मुले जपानास गेली तर गावे ओस पडतील. त्यास आमचे उत्तर असे की, मुले आजही गाव सोडतातच. ती पुण्यामुंबईस मिळेल ते काम पत्करितात. हातात हुन्नर घेऊन चार वर्षांनी परतणारा मुलगा गावास अधिक उपयोगी, की हुन्नरावाचून कायमचा गेलेला? दुसरी भीती मात्र खरी आहे. बोलावणे आले की दलालही येतात, आणि जमीन गहाण ठेवून त्यांचे हात ओले करणारे बापही निघतात. 1983 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून कोणासही परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करता येत नाहीत. दलालाचे नोंदणीपत्र पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नये, हा आमचा वकिली सल्ला फुकट आहे. तो न मानल्यास महाग पडेल.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. नसरापूर व भोर येथील व्यापाऱ्यांनी आणि पुण्यातील सुखवस्तू गृहस्थांनी पैसा फंडाचे स्मरण करून एक लहानसा निधी उभारावा. नसरापुरास एखाद्या शाळेची खोली संध्याकाळी मागून घ्यावी. पुण्याहून शिक्षक आणावा. मुलामुलींस दोन्हींस प्रवेश असावा. आणि परीक्षेची फी निधीने भरावी. याकरिता मंत्र्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. पूर्वजांनी एकेका पैशाने काचेची भट्टी पेटविली. आमच्याच्याने एक दिवा व एक फळा एवढेही होत नसेल, तर कराराचे कागद कोरेच राहिले असे समजावे.