टॉन्सिल काढण्याआधी नोंदी दाखवा

१९३४ साली न्यूयॉर्कमध्ये अकरा वर्षांच्या १००० शाळकरी मुलांचे घसे तपासले गेले. ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी पाहिले आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. बाकीची २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, तर त्यांनी त्यांतली ९९ निवडली. मग राहिलेली ११६ पुन्हा तपासली, त्यांतही ५१ जणांना शस्त्रक्रिया हवी असे ठरले. शेवटी हजारातली ६५ मुले सुटली. डॉक्टर अप्रामाणिक नव्हते. पण समोर येणाऱ्या मुलांपैकी पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास मुलांचे टॉन्सिल काढावेत, असे त्यांना प्रत्येक फेरीत वाटत राहिले. मुले बदलली, प्रमाण बदलले नाही. चारच वर्षांनी इंग्लंडमध्ये ॲलिसन ग्लोव्हर यांनी दाखवले की एका जिल्ह्यातल्या मुलांचे टॉन्सिल शेजारच्या जिल्ह्यापेक्षा कितीतरी पट अधिक काढले जातात, आणि त्याचे कारण मुलांच्या घशात सापडत नाही.

ही जुनी गोष्ट आज सांगायचे कारण असे की आपल्याकडचा निर्णय अजूनही बराचसा आई-वडिलांच्या आठवणीवर होतो. ‘वर्षातून सात-आठ वेळा तरी घसा धरतो हो, डॉक्टर,’ असे ते सांगतात आणि मनापासून सांगतात. रात्र-रात्र तापात बसून काढलेली माणसे ती. त्यांना दोष देता येत नाही. पण आठवण मोजमाप करत नाही. पिट्सबर्गचे डॉ. जॅक पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हे पडताळून पाहिले. ज्यांना वारंवार घशाचा संसर्ग होतो असे घरच्यांनी सांगितले होते, पण ज्याची कागदोपत्री नोंद नव्हती, अशा ६५ मुलांवर त्यांनी लक्ष ठेवले. सांगितल्याप्रमाणे त्रास पुढे फक्त ११ मुलांत आढळला.

याच गटाने १९८४ मध्ये खरोखर जास्त त्रास असलेल्या मुलांवर चाचणी केली. एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा, अशी त्यांची अट होती. आणि प्रत्येक वेळी घसादुखीबरोबर ताप, मानेतल्या गाठी, टॉन्सिलवरचा पांढरा थर किंवा तपासणीत सापडलेले जंतू यांपैकी काहीतरी हवे. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पहिली दोन वर्षे कमी त्रास झाला, हे स्पष्ट दिसले. पण शस्त्रक्रिया न झालेल्यांतलीही बरीच मुले आपोआप सावरली. २००२ मध्ये त्यांनी मध्यम त्रासाच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला; तिथे फायदा इतका थोडा निघाला की भूल, वेदना आणि रक्तस्रावाचा धोका पत्करावा असे त्यांना वाटले नाही. मोठ्यांचे चित्र वेगळे आहे. ब्रिटनमधल्या २७ रुग्णालयांनी मिळून ४५३ प्रौढांवर केलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, दोन वर्षांतले घसादुखीचे दिवस शस्त्रक्रियेने ३० वरून २३ वर आले.

म्हणजे शस्त्रक्रिया वाईट नाही. झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलाला, टॉन्सिलभोवती पुन्हा पुन्हा पू होणाऱ्या रुग्णाला ती मोठा आधार देते आणि तिथे उगाच टाळाटाळ करू नये. प्रश्न मधल्या मुलांचा आहे, आणि तीच संख्येने जास्त असतात.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमागून येणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा निकामी करतो, आणि तो आपल्याकडे अजून संपलेला नाही. असा संसर्ग झालेल्या मुलाला वेळेवर पेनिसिलिन मिळाले का, हे टॉन्सिल आहेत की नाहीत यापेक्षा अधिक महत्त्वाचे. पिट्सबर्ग आणि ब्रिटनच्या चाचण्यांचा तो विषयच नव्हता. त्यांचे आकडे उचलून इथे लावणे पुरेसे नाही. आपली मुले आपणच मोजायला हवीत.

मोजणारी माणसे आपल्याकडे आहेत. कान-नाक-घशाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. दरवर्षी एवढे प्रबंध होतात. पण एका विद्यार्थ्याच्या हाती एका रुग्णालयातले थोडे रुग्ण आणि दीड-दोन वर्षांचा काळ. एवढ्यातून ठाम उत्तर निघत नाही आणि त्या विद्यार्थ्याची खरी मेहनत ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहते. हे आम्हाला फार लागते. नागपूर, मिरज, संभाजीनगर, पुणे, मुंबई इथल्या विभागांनी एकच प्रश्न, एकच नोंदीचा नमुना आणि एकच व्याख्या घेतली, तर तीन तुकड्यांत काही हजार मुलांची नोंद होईल. एका तुकडीने सुरू केलेला पाठपुरावा पुढची तुकडी चालवेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातातच. त्यांनी घशाचा त्रास असलेल्या मुलाच्या हाती एक साधे कार्ड द्यावे: तारीख, ताप किती, मानेत गाठ, टॉन्सिलवर थर, कोणते औषध, किती दिवस. गावचा डॉक्टर ते भरेल, आणि तज्ज्ञापुढे आई आठवणीऐवजी कार्ड ठेवेल.

यासाठी नवे यंत्र लागत नाही, मोठे अनुदानही लागत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पुढच्या तुकडीचे प्रबंधविषय ठरण्याआधी कान-नाक-घसा विभागप्रमुखांना एकत्र बसवावे आणि हा सामाईक नमुना त्यांच्याकडून तयार करून घ्यावा.